टॉवेलावरची दोन वर्तुळं

१

शनिवारी सकाळी सात वाजता टोबी चार्लटन बंदुकांच्या खोलीत गेला आणि पाचच मिनिटांत बाहेर येऊन अंगणात उभा राहिला. चेहरा असा उतरलेला की तट्टांवर खोगीर चढवणारा लॅकलनसुद्धा पट्टा हातात धरून थांबला.

"माझं मॉडरेटर कुणी घेतलंय का?" टोबीनं विचारलं.

इशबेल मॅकफेल जीपच्या मागच्या फळीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. तिनं मान वर केली नाही. पण खरं सांगायचं तर त्या माणसाच्या आवाजातली घाबरगुंडी ऐकून तिला बरं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा इतकं बरं वाटलं.

"असेल तिथंच. नीट बघ," ती म्हणाली.

"तीनदा बघितलं. काल संध्याकाळी बाकावर टॉवेल टाकून वाळत ठेवलं होतं, तुझ्या मॉडरेटरच्या शेजारी. तुझं आहे, माझं नाही."

मॉडरेटर म्हणजे रायफलच्या तोंडाशी आट्यांवर फिरवून बसवायचं वीतभर नळकांडं. गोळीचा आवाज खातं. त्यानं शिकाऱ्याचे कान शाबूत राहतात आणि एक हरीण पडलं तरी पलीकडच्या उतारावरचा कळप निवांत चरत राहतो. दिसायला किरकोळ वस्तू, पण कायद्यानं तिला बंदुकीइतकाच मान. तिच्यावर नंबर कोरलेला असतो आणि तो मालकाच्या परवान्यात लिहिलेला असतो. हरवली तर पोलिसांना कळवावं लागतं. आणि टोबीचा परवाना नवा करायला पोलिसांची बाई सोमवारीच येणार होती, एकेक नंबर ताडून बघायला.

परवाना गेला की नोकरी गेली, आणि ही नोकरी साधीसुधी नव्हती. फियारन खोऱ्याचा मुख्य शिकारी हेक्टर गिलँडर्स एक्केचाळीस वर्षांनी निवृत्त होत होता. त्याची जागा एक नोव्हेंबरपासून टोबीला मिळायची होती. बावीस वर्षं हेक्टरच्या हाताखाली या डोंगरावर चिखल तुडवणाऱ्या इशबेलला नाही, तीन वर्षांपूर्वी इंग्लंडातून आलेल्या टोबीला.

दोन महिन्यांपूर्वी हे ठरलं तेव्हापासून इशबेलला त्याचं काही म्हणजे काही खपत नव्हतं. त्याचं शीळ घालणं खपत नव्हतं. पैसे मोजून शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांनी नाव घेऊन त्यालाच मागणं खपत नव्हतं. त्याची बायको परवा, नोकरीबरोबर आता त्यांना मिळणाऱ्या हेक्टरच्या घरी येऊन पडद्यांची मापं घेऊन गेली, तेव्हा इशबेलनं रस्ता बदलला होता. हेक्टरचा म्हातारा कुत्रा ब्रॅकन, ज्याला पिल्लू असताना तिनं बाटलीनं दूध पाजलं, तोसुद्धा हल्ली टोबीच्या पायाशी जाऊन पसरायचा.

साडेसातला इस्टेटीच्या व्यवस्थापक मिसेस रेनी आल्या. त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता.

"काल खोली शेवटी कुणी बंद केली?"

"मी," इशबेल म्हणाली. "सव्वासहाला. टोबी सहाला गेला."

"किल्ली?"

"माझ्याकडे. जो शेवटी कुलूप लावतो तो घरी नेतो. इथला रिवाजच आहे."

"आणि एकच किल्ली आहे."

"एकच."

हेक्टर दाराला टेकून उभा होता. तो म्हणाला, "पहाटे साडेपाचला मी तिच्या दारातून किल्ली घेतली. रोज ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून घेतो तशी. आत आलो, शेगडी पेटवली, किटली चढवली आणि ढग बघायला बाहेर पडलो. कपाटं उघडली नाहीत, बाकाकडे बघितलंही नाही. दार नंतर उघडंच होतं, पण अंगणात लॅकलन होता."

"म्हणजे संध्याकाळी सव्वासहापासून पहाटे साडेपाचपर्यंत किल्ली फक्त इशबेलकडे," मिसेस रेनी म्हणाल्या, आणि मग त्यांनी तिला बाजूला घेतलं. "मी काही म्हणत नाही. फक्त सांगते. ती वस्तू सोमवारच्या आत जागेवर आली, तर कुठून आली हे मी विचारणार नाही."

"मी घेतलेली नाही."

"आज तू डोंगरावर जाऊ नकोस."

नर हरणांच्या शिकारीचा हंगामातला तो शेवटचा दिवस होता. बावीस वर्षांत इशबेलनं तो कधी चुकवला नव्हता. टोबी इस्टेटीची जादा रायफल घेऊन डेन्मार्कच्या पाहुण्याबरोबर निघून गेला, कारण त्याची स्वतःची रायफल मॉडरेटर लावूनच जुळवलेली होती आणि त्याच्याशिवाय तिचा नेम चार बोटं खाली जायचा. जीप वळणाआड गेली. अंगणात उभ्या इशबेलला आता कळलं की सोमवारी टोबीचा परवाना गेला, तर मंगळवारी तिचाही जाणार. चोराला बंदूक कोण ठेवू देणार?

२

तिनं घराची झडती स्वतःहून देऊ केली. मिसेस रेनींनी ती घेतली, तेही अगदी सौजन्यानं, मोज्यांचा खण उघडताना "माफ कर हं" म्हणत. काही सापडलं नाही. त्यानं काही सिद्ध होत नाही हे दोघींनाही ठाऊक होतं. घराच्या मागं दहा मैल दलदल आहे.

त्या गेल्यावर इशबेल बंदुकांच्या खोलीत जाऊन बसली. संताप असा की कानशिलं तापली होती. टोबीचं मॉडरेटर जावं असं तिला वाटलं नव्हतं का? वाटलं होतं. तो चढावर घसरावा, पाहुण्यांसमोर त्याचा नेम चुकावा, त्याच्या बायकोला इथला पाऊस मानवू नये, सगळं वाटलं होतं. पण मनातल्या मनात जळणं वेगळं आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावणं वेगळं. न केलेल्या चोरीपायी आपण जावं आणि ज्यानं केली त्यानं मजेत असावं, हे तिला पटेना.

खोली दगडी, दार लोखंडी, खिडकी मुठीएवढी. एका भिंतीला रायफलींची तीन कपाटं. प्रत्येकाची किल्ली ज्याच्या त्याच्याकडे, आणि मुख्य शिकारी म्हणून हेक्टरकडे तिन्ही कपाटांच्या जादा किल्ल्या. समोर लांब बाक. बाकावर घडी घातलेला जुना टॉवेल आणि त्यावर तिचं मॉडरेटर, तोंड खाली करून उभं.

काल दिवसभर पाऊस होता. ओल्या दिवशी मॉडरेटर रायफलवर ठेवून कपाटात बंद केलं, की नळीचं तोंड आणि मॉडरेटर दोन्हींनाही रातोरात गंज धरतो. म्हणून घरी आल्याबरोबर ते काढायचं, झटकायचं आणि वाळायला उभं करायचं. आत पाणी असतं, दारूची काजळी असते. त्याचा काळा राडा हळूहळू खाली उतरतो आणि कापडावर गोल डाग पडतो.

इशबेलनं आपलं मॉडरेटर उचललं. खाली वर्तुळ उमटलं होतं, काळंभोर, कडेला तांबूस. बरं.

मग तिनं शेजारी बघितलं आणि जागीच थांबली.

वितीच्या अंतरावर दुसरं वर्तुळ होतं. तेही तितकंच काळं. तशीच तांबूस कड, तसंच टॉवेलाच्या चारी घड्यांतून आरपार गेलेलं.

ती टॉवेलाच्या घड्या उलगडून बघत राहिली. मागच्या आठवड्यात घाईघाईत तिनं आपलं मॉडरेटर तासाभरात उचललं होतं. तेव्हा कापडावर नुसता राखाडी ओलावा दिसला होता, वर्तुळ नव्हतंच. असं वर्तुळ भरायला अख्खी रात्र जावी लागते. म्हणजे टोबीचं मॉडरेटर संध्याकाळी कुणी नेलेलं नव्हतं. ते रात्रभर इथंच, तिच्या मॉडरेटरच्या शेजारी उभं होतं. गेलं ते सकाळी.

क्षणभर तिला हायसं वाटलं. मग तिनं हिशेब पुढं नेला आणि तो दिलासाही गेला. रात्रभर किल्ली कुणाकडे होती? तिच्याकडे. मिसेस रेनी म्हणतील, मग पाचला उठून तूच नेलंस. या वर्तुळानं ती सुटत नव्हती, आणखी अडकत होती.

आणि ती नसेल, तर साडेपाचला दार उघडून आत आलेला माणूस एकच होता. बाकाकडे बघितलंही नाही म्हणणारा. तिनं टॉवेल उचलला, घडी केली आणि कोटाच्या आत खोचला.

३

"मी घेतलं असतं तर असं लपवलं नसतं," लॅकलन म्हणाला. "सगळ्यांसमोर तळ्यात फेकलं असतं."

लॅकलनला टोबीचा राग होता, आणि तो चारचौघांत बोलून दाखवायचा. टोबीला पुढच्या वर्षीपासून मारलेली हरणं डोंगरावरून उतरवायला चारचाकी यंत्रं आणायची होती, आणि मग लॅकलनच्या तट्टांना काम उरणार नव्हतं. तो तबेल्यात बसून दुपारचं ओटचं बिस्कीट चीजबरोबर खात होता. इशबेललाही एक पुढं केलं.

"सकाळी तू किती वाजता आलास?"

"पावणेसहाला. तुला काय वाटतं, मी नेलं?"

"तू नेलं असतंस तर आतापर्यंत तीन जणांना सांगून मोकळा झाला असतास."

लॅकलन हसला. "तेही खरंच. तुझ्यावर आळ आलाय म्हणे."

"आलाय. पावणेसहाला तू खोलीत गेला होतास?"

"नाही. खोगिराचे पट्टे घ्यायचे होते. दारात गेलो तर हेक्टरनं आतून आणून दिले."

"आत बोलावलं नाही?"

"नाही, आणि चहासुद्धा विचारला नाही. आज पहिल्यांदाच. रोज बसवून घेतो, तोच तो एकोणीसशे ब्याऐंशीचा बर्फ सांगतो. मला वाटलं, शेवटचा दिवस आहे, म्हाताऱ्याचं मन भरून आलं असेल." त्यानं तिच्याकडे निरखून बघितलं. "इशबेल, तू हेक्टरबद्दल विचारतेयस?"

"मी पट्ट्यांबद्दल विचारतेय."

सोळाव्या वर्षी बाप गेल्यावर याच हेक्टरनं तिला हाताला धरून डोंगरावर नेलं होतं. वारा कसा ओळखायचा, हरणाच्या वरच्या अंगानं कसं जायचं, गोळी कधी मारायची नाही, सगळं त्यानं शिकवलं. गोळी न मारण्याबद्दल त्यानं सर्वांत जास्त शिकवलं.

चारला जीप परत आली. टोबीनं पाहुण्याला एक हरीण मिळवून दिलं होतं, म्हातारं, दात झिजलेलं, बरोब्बर जे मारायला हवं ते. हेही इशबेलला खुपलं. पाहुणा लॉजकडे गेल्यावर ती टोबीसमोर जाऊन उभी राहिली.

"तुझी रायफल दाखव."

"का?"

"मी चोर असेन तर तुझ्यासमोरच बघतेय ना. उघड."

टोबीनं कपाट उघडलं. "सकाळी मी फक्त डोकावून बघितलं, मॉडरेटर चुकून नळीवर तर राहिलं नाही ना म्हणून. मग बंद केलं."

रायफल बाहेर आली. नळीच्या तोंडाशी आटे उघडे होते.

"टोपण कुठंय?" इशबेलनं विचारलं. मॉडरेटर काढलं की आट्यांवर टोपण फिरवायचं असतं. नाहीतर ओल लागते, ठोकर बसते, आणि आटे बिघडले की मॉडरेटर वाकडं बसतं. मग गोळी आतल्या पडद्यांना घासून जाते.

टोबीचे कान लाल झाले. त्यानं कोटाच्या खिशातून टोपण काढलं. "काल विसरलो. कुणाला सांगू नकोस."

एरवी तिनं अख्ख्या खोऱ्याला सांगितलं असतं. आता मात्र ती नळीवर वाकली. काल भिजलेले आणि रात्रभर उघडे राहिलेले आटे आज तांबूस दिसायला हवे होते. ते स्वच्छ होते, प्रत्येक फेऱ्यात बोटानं भरल्यासारखा पिवळसर लेप होता. तिनं वास घेतला. मेंढीची चरबी, मधमाश्यांचं मेण आणि थोडं टर्पेंटाईन.

"तू काय वापरतोस?"

"डब्यातला फवारा. का?" टोबीनंही बोट लावलं आणि नाकाशी नेलं. मग बोट कोटाला पुसलं.

"काही नाही," इशबेल म्हणाली. "ठेव आत."

असली चरबी अख्ख्या खोऱ्यात एकच माणूस बनवत होता. तिची पत्र्याची डबी तो बंडीच्या खिशातून कधी बाहेर ठेवत नसे. इशबेलकडे खोलीची किल्ली होती, पण टोबीच्या कपाटाची नव्हती. ती फक्त दोघांकडे. एकानं आटे विसरून उघडे टाकले होते. दुसऱ्यानं आज सकाळी, चोरी करता करता, बाकावरच्या दोनांतलं टोबीचं मॉडरेटर कुठलं हे नळीशी ताडून बघायला कपाट उघडलं असणार, उघडे ओले आटे बघितले आणि त्याच्या हाताला राहवलं नाही. ज्याला देशोधडीला लावायला निघाला त्याच्या बंदुकीलाही त्यानं गंज चढू दिला नाही. कपाटं उघडली नाहीत म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रविवारी फियारनमध्ये कुणी बंदूक उचलत नाही, कपडे वाळत घालत नाही, आणि हेक्टर गिलँडर्स खोटं बोलत नाही, असं तो स्वतःच सांगायचा.

४

चर्चमधून परतल्यावर हेक्टरनं स्वयंपाकघराच्या टेबलावर तिच्यासाठी कप मांडला. न विचारता मांडला. बायको गेल्यापासून रविवारचा चहा दोघं एकत्रच घ्यायची. भिंतीलगत खोकी भरून ठेवलेली होती. महिनाअखेरीस त्याला तळ्याकाठच्या छोट्या घरात जायचं होतं.

इशबेलनं टॉवेल काढून टेबलावर उलगडला.

"ही दोन वर्तुळं बघा. दोन्ही रात्रभराची आहेत. ते सकाळपर्यंत तिथंच होतं, हेक्टर."

त्यानं टॉवेलाकडे बघितलं. "असेल."

"टोबीच्या आट्यांना तुमची चरबी लागलीय. तुम्ही कपाट उघडलंत."

"गाढवानं उघडे टाकले होते," हेक्टर पटकन म्हणाला, आणि मग थांबला. बराच वेळ त्यानं चहा ढवळला. साखर तो घेतच नसे.

"कुठंय ते?"

"तळ्यात असेल म्हटलं तर?"

"मी नाही मानणार. चांगलं लोखंड तुम्ही पाण्यात टाकाल होय?"

तो उठला आणि आतल्या खोलीत गेला. आला तेव्हा हातात लोकरीचा मोजा होता. त्यातून त्यानं मॉडरेटर काढून टॉवेलावर ठेवलं. कोरडं, लखलखीत, आतल्या पडद्यांवर काजळीचा कण नाही. ज्या वस्तूला एक्केचाळीस वर्षं तो 'पत्र्याचा डबा' म्हणून नाक मुरडत आला आणि जी त्यानं स्वतःच्या रायफलला कधी लावू दिली नाही, ती त्यानं कालपासून शेगडीवरच्या फळीवर वाळवली होती.

"उद्याचा दिवस गप्प राहा," हेक्टर म्हणाला. "पोलिसांची बाई येईल, नंबर जुळणार नाही. तो जाईल. रेनीबाईंना दुसरं माणूस कुठून मिळणार? तुलाच घ्यावं लागेल. तुझ्यासाठीच केलं, पोरी. हा डोंगर तुझा आहे."

इशबेलचा हात मॉडरेटरवर होता. किती सोपं होतं. ते मोज्यात परत घालायचं, चहा प्यायचा, घरी जायचं. तिला हेच घर दिसलं, पडद्यांशिवायचं, तिचं. टोबीची गाडी सामान लादून दक्षिणेकडे जाताना दिसली. इतकं हवंसं काही तिनं आयुष्यात बघितलं नव्हतं.

"माझ्यासाठी," ती म्हणाली.

"मग काय."

"किल्ली शुक्रवारी माझ्याकडे होती. पहाटे तुम्ही ती माझ्याच हातातून घेतलीत." ती हळूहळू बोलत होती, कारण बोलता बोलताच तिला कळत होतं. "गुरुवारी ती टोबीकडे होती. बुधवारी तुमच्याकडे. तेव्हा नेता आलं असतं. शुक्रवारचं गेलं की पहिलं बोट माझ्याकडे जाणार, हे लॅकलनच्या तट्टालाही कळलं असतं. माझ्यासाठी करायचं होतं, तर मला कशाला अडकवलंत?"

हेक्टरनं कप बाजूला सरकवला.

"तुम्हाला आम्हा दोघांनाही घालवायचं होतं."

शेगडीत लाकूड फुटलं. म्हाताऱ्यानं दोन्ही तळहात टेबलावर पसरले आणि त्यांच्याकडेच बघत बोलू लागला.

"त्याची बायको आली होती. या खिडकीशी उभी राहून म्हणते, इथं पिवळे शोभतील. माझ्या बायकोनं शिवलेले पडदे होते ते. मला वाटलं होतं, मी जाईन तेव्हा खोरं थोडं तरी अडखळेल. कुणाचं काही अडलं नाही. पाहुणे त्याला मागतात. कुत्रा त्याच्याकडे जातो."

"आणि मी? मी काय केलं होतं तुमचं?"

"तू तर आणखी वाईट." आता त्यानं मान वर केली. डोळे कोरडे होते. "तुला मी घडवली. तो चांगला निघाला तर परका म्हणून सोडून देता येतं. तू मुख्य झाली असतीस तर लोक म्हणाले असते, हेक्टरपेक्षा पोरगी सरस. गेल्या वर्षीपासून म्हणतातच आहेत. माझ्या तोंडावर म्हणतात."

इशबेलला एकदम एक गोष्ट विचारावीशी वाटली. दोन महिने ती विचारायचं टाळत होती.

"जागेसाठी निवड करताना मिसेस रेनींनी तुमचं मत घेतलं असेल. माझ्याबद्दल काय सांगितलंत?"

रविवार होता. हेक्टर खोटं बोलला नाही. तो बोललाच नाही.

ती उठली. "बूट घाला," ती म्हणाली. "टोबीकडे जायचंय. हे मी उचलून नेते, तुम्ही सांगायचं."

५

टोबीचं घर नदीपलीकडे. दोघं पूल ओलांडून तिथं गेली. दार टोबीनंच उघडलं. मागं स्वयंपाकघरात त्याची बायको कुणाशी तरी फोनवर बोलत होती. मॉडरेटर बघून टोबीनं दाराची चौकट धरली.

इशबेल थांबली. आता हेक्टरनं बोलायचं होतं.

"मिळालं," हेक्टर म्हणाला. "किल्ली इशबेलकडे होती. आणि घेऊन आलीय तीही इशबेलच."

एवढंच. शब्द न् शब्द खरा होता.

बावीस वर्षं या माणसामागं इशबेल कड्यांवरून चालली होती. तो पाय ठेवील तिथंच पाय ठेवत आली होती.

टोबीनं हेक्टरकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यानं दार मागं ओढून घेतलं, बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून.

"हेक्टर, माझ्या नळीच्या आट्यांना तुमची चरबी आहे," तो म्हणाला. "काल वास घेतला तेव्हाच ओळखली. तीन वर्षं तुमच्या शेजारी बसतोय."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. तो पायरीवर बसला.

"काल ओळखलीस?" इशबेलनं विचारलं. "मग बोलला का नाहीस?"

"तू बोलली नाहीस म्हणून. तुझे ते कोण आहेत हे मला माहीत आहे. म्हटलं, आधी तू बोलावंस. उद्या सकाळपर्यंत थांबणार होतो."

"आणि मी बोललेच नसते तर?"

"त्यांना घेऊन आलीस ना."

त्यानं मॉडरेटर हातात घेतलं, नंबर वाचला, उजेडाकडे धरून आतून बघितलं. त्याच्या भुवया वर गेल्या. एवढं स्वच्छ ते दुकानातून आणलं तेव्हाही नव्हतं.

"रेनीबाईंना मी आत्ताच फोन करतो," तो म्हणाला. "सांगतो, माझ्याच कोटाच्या फाटक्या अस्तरात सापडलं. मीच विसरलो, मीच आरडाओरडा केला."

"तुला बावळट म्हणतील," इशबेल म्हणाली. "पोलिसांच्या कानावर गेलं तर वर बोलणी खाशील. आणि अजून जागेवर बसलाही नाहीस."

"खाईन बोलणी. टोपण विसरलोच होतो की. आणि तुझी झडती घेतली त्याबद्दल त्यांनी तुझी माफी मागायची, मी तिथं उभा असताना. ते मी बघतो." मग तो वाकून हेक्टरच्या शेजारी बसला. "तुम्ही महिनाअखेरपर्यंत मुख्य आहात, हेक्टर. कुणाला काही कळायचं कारण नाही. चला, आत या. सूप आहे."

हेक्टरनं तोंड हातांनी झाकलं. टोबीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, अवघडून, पण ठेवला.

"इशबेल, तू पण ये," तो म्हणाला.

"नको."

ती पुलावरून एकटीच परत निघाली. आळ गेला होता. परवाना राहिला होता, डोंगर राहिला होता. आनंद व्हायला हवा होता. पण दर पावलाला तिला तेच दिसत होतं. तिला जे सुचायला हवं होतं ते टोबीला सुचलं. म्हाताऱ्याला माफ करायचं बावीस वर्षं त्याच्याबरोबर काढलेल्या तिला जमलं नाही, ते तीनच वर्षं काढलेल्या टोबीला उभ्या उभ्या जमलं. तिच्यावरचा आळसुद्धा शेवटी त्यानंच दूर केला, तिनं नाही.

हेक्टरनं तिच्याबद्दल काय सांगितलं असेल ते असो. मिसेस रेनींनी माणूस बरोबर निवडला होता. आणि याबद्दल टोबीला ती जन्मात क्षमा करणार नव्हती.